वनस्पती-अर्काची प्राण्यांवर सुरक्षितता चाचणी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

"किलोमागे २००० मिलिग्रॅम डोसला एकही प्राणी दगावला नाही, सबब हा अर्क सुरक्षित आहे." औषधी वनस्पतींवरच्या प्रबंधांत हे वाक्य हमखास सापडतं. त्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. 'सबब'नंतरचं मात्र काहीच सिद्ध झालेलं नसतं. एकदाच पाजलेल्या डोसनंतर चौदा दिवसांत प्राणी मेले नाहीत, एवढंच त्या प्रयोगाने दाखवलेलं असतं.

बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांग्ची गेली. दोन्हींची चिनी नावं जवळजवळ सारखी. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी १९९३ साली पहिले रुग्ण नोंदवले आणि पुढे हा आकडा शंभरावर गेला. मूत्रपिंडं निकामी झाली ती महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर, आणि काहींना त्यानंतर काही वर्षांनी मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. एका डोसच्या चाचणीत तो कर्करोग दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय मुळात वनस्पतीच चुकीची होती. म्हणून हे काम हाती घेताना दोन गोष्टींचं भान हवं: बाटलीत नेमकं काय आहे हे प्राण्याला हात लावण्याआधी नक्की करायचं, आणि चाचणीने जेवढं सांगितलं तेवढंच बोलायचं.

आधी प्रश्न, मग परवानगी, मग प्राणी

माणूस हा अर्क कसा घेणार आहे ते पहिल्यांदा लिहून काढा. तोंडाने की त्वचेवर? दोन दिवस की सहा महिने? सगळा आराखडा याच उत्तरांवर उभा राहतो. तोंडाने घ्यायच्या अर्काची चाचणी पोटात इंजेक्शन देऊन करणारे अजूनही दिसतात. त्यातून निघणारा आकडा जवळपास निरुपयोगी असतो, कारण आतड्यातून न शोषले जाणारे घटकही इंजेक्शनने थेट शरीरात जातात. सॅपोनिन हे याचं नेहमीचं उदाहरण. रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं, तोंडावाटे मात्र त्यातलं फार थोडंच रक्तापर्यंत पोचतं. कालावधीचंही तसंच. सर्वसाधारण नियम असा की माणूस जितके दिवस घेणार, किमान तितके दिवस प्राण्याला द्यायचं. तीन महिने घ्यायच्या औषधाला २८ दिवसांची चाचणी पुरत नाही.

मग आधीचं साहित्य वाचा. त्या वनस्पतीवर, त्याच भागावर, त्याच द्रावकाच्या अर्कावर चांगली चाचणी झालेली असेल तर ती पुन्हा करण्यासाठी प्राणी वापरायला कारण लागतं, आणि 'माझ्या प्रबंधासाठी' हे कारण होत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वं आजही प्रत्येक नीतिसमिती विचारते: प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, आणि वापरलेल्या प्राण्याचा त्रास कमी करता येईल का. जनुकीय बदल घडवण्याची शक्यता एम्स चाचणीत, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४७१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत, जिवाणूंवरच तपासता येते. पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीतून तीव्र चाचणीचा, म्हणजे एकाच डोसच्या चाचणीचा, पहिला डोस ठरवायला मदत होते. एम्समध्ये अर्क ठळक पॉझिटिव्ह आला तर थांबून विचार करा. पुढचे प्राणी वाचतील.

नीतिसमितीची लेखी मंजुरी आल्यावरच प्राण्यांची ऑर्डर द्या. अर्जात प्राण्यांची संख्या, ती तेवढीच का, वेदना कशा ओळखणार, कोणत्या टप्प्यावर प्राण्याला प्रयोगातून काढणार आणि मारणार कसं, हे सगळं स्पष्ट लिहावं लागतं. 'प्राणी मरेपर्यंत निरीक्षण' असं लिहिलेला अर्ज परत यायलाच हवा.

अर्क: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

शुद्ध रसायनाची चाचणी करणाऱ्याला बाटलीवरचं नाव आणि शुद्धतेची टक्केवारी पुरते. तुमच्याकडे शेकडो घटकांचं मिश्रण आहे. ते ऋतूनुसार, जमिनीनुसार, सुकवण्याच्या पद्धतीनुसार बदलतं. पुढच्या वर्षी त्याच झाडाची पानं आणून अर्क काढलात तर तो वेगळा असू शकतो.

वनस्पती गोळा करतानाच फुला-फळांसह फांदी दाबून, वाळवून तिचा हर्बेरियम नमुना करा. वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या, नमुना मान्य हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. बाजारातून चूर्ण आणून 'आम्ही अमुक वनस्पती वापरली' असं लिहिणं म्हणजे नाव न विचारता साक्षीदार उभा करणं. चूर्णातून फुलं, पानांची रचना, देठ, काहीच ओळखता येत नाही. फार तर सूक्ष्मदर्शकाखाली काही खुणा सापडतात.

अर्क काढताना पुढील गोष्टी वहीत त्या-त्या दिवशीच उतरवा: कोणता भाग, किती वाळवलेला, भरड किती बारीक, द्रावक कोणता आणि किती टक्के, तापमान, वेळ, गाळणी, सुकवण्याची पद्धत, शेवटी हाती आलेलं वजन. ५०० ग्रॅम सुक्या पानांतून ६० ग्रॅम अर्क आला तर उतारा १२ टक्के. म्हणजे १ ग्रॅम अर्क साधारण सव्वाआठ ग्रॅम पानांचा. हा हिशेब पुढे डोस ठरवताना लागतो, आणि तो न लिहिणाऱ्या प्रबंधांतल्या डोसला काहीच अर्थ उरत नाही.

मिथेनॉल वापरलं असेल तर ते पूर्ण गेलं याची खात्री करा. औषधांसाठी त्याची मान्य मर्यादा दहा लाख भागांत ३००० भाग आहे. रोटरी बाष्पकातून काढल्यावर 'वास येत नाही' हा पुरावा नव्हे, गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजून घ्या. सोबत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकांचे अंश आणि जिवाणू-बुरशीची मोजणी करून घ्या. हे सोडून दिलं आणि यकृतात बिघाड दिसला तर तो वनस्पतीचा की साठवणीत लागलेल्या बुरशीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. अर्काचा एचपीएलसी आलेख, म्हणजे त्यातले घटक वेगवेगळे करून दाखवणारा आलेख, काढा. त्यात एक-दोन ओळखीचे घटक मोजलेले असतील तर उत्तम. तोच आलेख चाचणी संपल्यावर पुन्हा काढा, म्हणजे अर्क मधल्या काळात टिकला का ते कळेल.

आता प्रमाण. नवख्यांचं गणित इथेच कोलमडतं. २८ दिवसांच्या चाचणीत दहा-दहा रॅटचे तीन डोसगट आहेत, डोस किलोमागे १००, ३०० आणि १००० मिलिग्रॅम, आणि रॅटचं सरासरी वजन २२० ग्रॅम धरू. रोजची बेरीज किलोमागे १४०० मिलिग्रॅम, म्हणजे २८ दिवसांना सुमारे ८६ ग्रॅम अर्क. सर्वांत वरच्या डोसला, डोस थांबवल्यावर बिघाड भरून येतो का ते पाहायला, आणखी दहा प्राण्यांचा उपगट ठेवला तर त्याला ६२ ग्रॅम. तीव्र चाचणी, विश्लेषण, सांडलवंड, राखून ठेवायचा नमुना हे धरून २०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. बारा टक्के उताऱ्याला त्यासाठी पावणेदोन किलोच्या आसपास सुकी पानं लागतात. ती सगळी एकाच वेळी गोळा करून एकच बॅच बनवा. अठराव्या दिवशी अर्क संपला म्हणून नवा काढला, की ती चाचणी संपली असंच समजा.

व्हेइकल आणि डोसचं गणित

अर्क ज्यात मिसळून पाजायचा ते व्हेइकल. पहिली पसंती पाण्याला. न विरघळणाऱ्या अर्कासाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं ०.५ टक्के द्रावण चालतं, नंतर वनस्पती तेल. बाकी सगळं त्यानंतर, आणि त्याची विषारिता माहीत असेल तरच. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली. मारलं ते औषधाने नाही, द्रावकाने. कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या प्राण्यांना, तेच व्हेइकल, तेवढंच, त्याच वेळी द्यायचं. नुसतं पाणी देऊन चालत नाही.

एक डोस करून पाहू. रॅटचं वजन १८२ ग्रॅम, डोस किलोमागे २००० मिलिग्रॅम. लागणारा अर्क: ०.१८२ गुणिले २०००, म्हणजे ३६४ मिलिग्रॅम. ओईसीडीच्या मार्गदर्शिकेनुसार एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे १ मिली द्यायचं, पाण्यातल्या द्रावणाला २ मिलीपर्यंत मुभा. १ मिलीच्या हिशेबाने १.८२ मिलीत ३६४ मिलिग्रॅम बसवायचे, म्हणजे दर मिलीला २०० मिलिग्रॅम. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात बहुतेक अर्क या प्रमाणात काकवीसारखे घट्ट होतात, सुईत अडकतात, खल कितीही फिरवला तरी गुठळ्या राहतात. मग दर मिलीला १०० मिलिग्रॅम करून ३.६४ मिली द्या. पाण्यातल्या मिश्रणाला ते चालतं. प्राणी येण्याच्या आठवडाभर आधी हे मिश्रण प्राण्याशिवाय करून पाहा, त्याच सुईतून बाहेर काढून पाहा, आणि अर्धा तास ठेवून खाली गाळ बसतो का तेही पाहा. गाळ बसत असेल तर प्रत्येक डोस भरण्याआधी हलवणं सक्तीचं, नाहीतर पहिल्या रॅटला पाणी आणि शेवटच्याला सगळा अर्क अशी गत होते.

सुकवलेले अर्क हवेतलं पाणी पटकन ओढतात. बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा आणि वजन झटपट करा. मिश्रण रोज ताजं करा.

प्राणी

तीव्र चाचणीसाठी आठ ते बारा आठवड्यांच्या, पिल्लं न झालेल्या, गाभण नसलेल्या माद्या घेतात. वजनं सरासरीच्या अधिक-उणे २० टक्क्यांत हवीत. तापमान २२ अंशांच्या आसपास, आर्द्रता शक्यतो ५० ते ६० टक्के, बारा तास उजेड, बारा तास अंधार. आल्यावर किमान पाच दिवस त्यांना रुळू द्या. त्या दिवसांत रोज हातात घ्या. ज्या रॅटला तुमच्या हाताची सवय आहे त्याला पाजणं सोपं जातं आणि त्याला त्रासही कमी होतो.

गट चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने पाडा. पिंजऱ्यात हात घालून 'जो हाती लागेल तो' पद्धतीने निवडलेत तर आधी सुस्त प्राणी हाती लागतात आणि ते सगळे एकाच गटात जातात.

तीव्र चाचणी

पूर्वी ट्रेव्हनने १९२७ साली मांडलेला एलडी५०, म्हणजे निम्मे प्राणी मारणारा डोस, काढण्यासाठी ढिगाने प्राणी खर्ची पडत. त्या पद्धतीची ओईसीडी ४०१ ही मार्गदर्शिका २००२ साली रद्द झाली. आता ४२०, ४२३ किंवा ४२५ वापरा. नवख्यांना मी ४२३ सुचवतो: तीन-तीन प्राण्यांचे टप्पे, डोस ५, ५०, ३०० आणि २००० यांपैकी. विषारीपणाची शंका असेल किंवा माहितीच नसेल तर ३०० पासून सुरुवात. माणसांत वापर जुना आहे आणि आधीचे निष्कर्ष चांगले आहेत, तर थेट २००० ची मर्यादा-चाचणी. पहिल्या तिघांत दोन किंवा तीन मेले तर खालच्या डोसला जायचं. शून्य किंवा एक मेला तर त्याच डोसला आणखी तिघं. म्हणजे बहुतेक अर्कांचं काम सहा प्राण्यांत होतं. सहाच्या जागी साठ वापरल्याने निष्कर्ष अधिक खरा होत नाही.

रॅटला आदल्या रात्री अन्न बंद, पाणी चालू. सकाळी उपाशीपोटी वजन करून त्यावरच डोस काढा. पाजण्यासाठी टोकाला गोल मणी असलेली सुई घ्या. आधी ती प्राण्याच्या अंगालगत धरून तोंडापासून शेवटच्या फासळीपर्यंतचं अंतर मोजा आणि सुईवर खूण करा. मान आणि पाठीची सैल कातडी धरून डोकं किंचित मागे, शरीर सरळ रेषेत. सुई तोंडाच्या एका कडेने आत न्या, टाळूला लागून मागे सरकवा. प्राणी गिळतो तशी ती आपल्या वजनाने उतरते. अडथळा लागला तर ढकलायचं नाही, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करायची. सुई खुणेपर्यंत गेली, प्राणी शांत श्वास घेतोय, तेव्हाच हळू पाजा. नाकातून द्रव आला, प्राणी धापा टाकू लागला किंवा निळा पडला, तर ते श्वासनलिकेत गेलंय. लगेच थांबा.

पाजल्यावर काही मिनिटांतच प्राणी मेला तर घाईने 'विषारी' लिहू नका. शवविच्छेदनात श्वासनलिका आणि फुप्फुसं उघडून पाहा. तिथे अर्काचा रंग किंवा फेस सापडला तर तो पाजण्यातला अपघात आहे, आणि अहवालात तसंच लिहायचं. तो प्राणी गुपचूप वगळणं हा मात्र खोटेपणा आहे.

पहिल्या अर्ध्या तासात किमान एकदा नीट पाहा, चार तास विशेष लक्ष, पहिला दिवसभर अधूनमधून, मग रोज, चौदा दिवस. माझ्या मते पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलूच नये. अंगावरचे केस उभे, पाठ कमानीसारखी, पापण्या अर्धवट मिटलेल्या, थरथर, झटके, लाळ, जुलाब, चाल अडखळती: प्रत्येक खूण कधी सुरू झाली आणि कधी गेली याची वेळ लिहा. इथे काही खुणा फसवतात. कडू अर्क पाजल्यावर रॅट लाळ गाळतो आणि तोंड बेडिंगमध्ये घासत पुढे सरकतो. तो बहुधा चवीचा राग असतो, मज्जासंस्थेवरचा परिणाम नव्हे, आणि काही मिनिटांत जातो. डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर डाग दिसले की नवखे 'रक्तस्राव' लिहितात. बहुतेक वेळा ते डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून येणारं पॉर्फिरिन असतं. ताण आला, अंग साफ करणं थांबलं, की ते साठतं. नोंद करायचीच, पण रक्त म्हणून नाही. आणि रॅटला उलटी होत नाही. माणसाला ओकारी आणणारी वनस्पती रॅटमध्ये फक्त खाणं कमी झालं म्हणून दिसेल.

वजन डोसआधी, मग आठवड्याला. खूप घटलेलं वजन, हालचाल बंद, पाण्यापर्यंत न पोचणं, सततचे झटके, यातलं जे काही तुम्ही अर्जात थांबण्याची सीमा म्हणून लिहिलंत ते आलं की प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्या. रविवार असला तरी. असा प्राणी निष्कर्षात मृतच धरतात, त्यामुळे वाट पाहून काही मिळत नाही.

२८ दिवसांची चाचणी: डोस कसे ठरवायचे

तीव्र चाचणीच्या आकड्याचा दहावा, विसावा, चाळिसावा भाग घेण्याची प्रथा फार पसरली आहे. मला ती पटत नाही, कारण तिचा माणसाच्या डोसशी काहीच संबंध नसतो. उलट बाजूने या. माणूस दिवसाला १ ग्रॅम अर्क घेणार असेल तर ६० किलोला तो किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम पडतो. शरीराच्या पृष्ठभागानुसार रॅटचा समतुल्य डोस काढायला त्याला ६.२ ने गुणा (माऊससाठी १२.३). उत्तर सुमारे १००. तोच खालचा डोस धरा, मधला ३००, वरचा १०००. म्हणजे माणसाच्या डोसाच्या एकपट, तिप्पट आणि दहापट झाली. ओईसीडी ४०७ मध्ये किलोमागे १००० ही मर्यादा आहे आणि दोन डोसांतलं अंतर दुप्पट ते चौपट सुचवलेलं आहे. त्या चौकटीत हे बसतं.

प्रत्येक गटात पाच नर, पाच माद्या. कंट्रोल आणि वरच्या डोसला आणखी तेवढेच प्राणी, ज्यांना डोस थांबवल्यावर चौदा दिवस तसंच ठेवायचं. बिघाड दिसला तर तो भरून येतो का, हे फक्त याच प्राण्यांतून कळतं. एकूण साठ प्राणी.

डोस आठवड्याचे सातही दिवस, शक्यतो ठरल्या वेळी. वजन आणि खाल्लेलं अन्न दर आठवड्याला, आणि नव्या वजनानुसार डोस बदलायचा. जुन्याच वजनावर पाजत राहिलात तर वाढत्या रॅटला डोस कमी पडत जातो. टॅनिन जास्त असलेल्या अर्कांनी खाणं घटतं आणि वजन रेंगाळतं. अन्नाची नोंद नसेल तर ते विषबाधेचं लक्षण वाटतं. चौथ्या आठवड्यात आवाज, स्पर्श यांना मिळणारा प्रतिसाद, पकडीची ताकद आणि हालचाल तपासा. तपासणाऱ्याला गट माहीत नसावा. गडद अर्काने विष्ठा आणि लघवी रंगते आणि गट उघडा पडतो, म्हणून तपासणीसाठी प्राणी स्वच्छ पिंजऱ्यात हलवून आणून द्यायला दुसरा माणूस ठेवा.

शेवटचा दिवस

हा दिवस लांबतो, त्यामुळे क्रम आधी ठरवा. सकाळी सगळे कंट्रोल आणि संध्याकाळी सगळे वरच्या डोसचे असं कधीही करू नका. उपासाचे तास आणि दिवसाची वेळ यांनीच साखर बदलते आणि दोष अर्कावर येतो. प्रत्येक गटातला एकेक प्राणी आळीपाळीने घ्या.

रक्त भूल देऊन काढा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्तपेशींची तपासणी, साध्या नळीत सिरम. बारीक सुईतून जोराने ओढलं की पेशी फुटतात, सिरम गुलाबी दिसतं आणि एएसटी हे एंझाइम आणि पोटॅशियम खोटे वाढतात. अशा नमुन्यावर नळीवरच 'हिमोलाइज्ड' लिहा. एएलटी, एएसटी, एएलपी (यकृताचा बिघाड दाखवणारे एंझाइम), बिलिरुबिन, युरिया, क्रिएटिनिन, एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल एवढं तरी हवंच. अर्क रंगीत असेल तर रंगमापनावर चालणाऱ्या चाचण्यांत ढवळाढवळ होऊ शकते. कंट्रोल सिरममध्ये थोडा अर्क टाकून आकडा हलतो का ते आधी पाहून ठेवा.

यकृत, मूत्रपिंडं, अधिवृक्क ग्रंथी, वृषणं, थायमस, प्लीहा, मेंदू, हृदय काढून, चरबी सोडवून, लगेच तोला, कारण उघड्यावर ठेवलं तर लहान ग्रंथी मिनिटांत सुकून हलक्या होतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन ऊतीच्या किमान दहापट घ्या. अख्खं यकृत बरणीत कोंबलं तर बाहेरून पक्कं आणि आतून कुजकं निघतं. खाप पाडूनच टाका. वृषणांना फॉर्मलिनपेक्षा बुएन किंवा सुधारित डेव्हिडसन द्रव चांगला.

आकडे वाचणं

साधारण तीस निकष, तीन डोस, दोन लिंगं: १८० तुलना. प्रत्येक तुलना सुटी केली तर ५ टक्क्यांच्या सीमेवर निव्वळ योगायोगाने नऊ ठिकाणी तारांकित (संख्याशास्त्रानुसार लक्षणीय म्हणून तारा लावलेले) फरक येतील. म्हणून आधी व्हेरिअन्सचं विश्लेषण आणि मग कंट्रोलशी तुलना करणारी डनेट चाचणी वापरा. त्यानंतरही तारा दिसला की स्वतःला विचारा: डोस वाढतो तसा फरक वाढतो का? नर आणि मादी दोघांत आहे का? त्याच अवयवाचं वजन आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र जुळतं का? मधल्याच डोसला, फक्त माद्यांत, एएलटी थोडा कमी झाला असेल तर त्यावर परिच्छेद लिहू नका. एएलटी वरच्या डोसला तिप्पट झाला, यकृत जड झालं आणि पेशी मेलेल्या दिसल्या, तर ते यकृतावरचं विष आहे. यकृत थोडं जड, मध्य शिरेभोवतीच्या पेशी फुगलेल्या, पण एंझाइम नॉर्मल आणि कुठे पेशीमृत्यू नाही, तर बहुधा यकृत अर्क पचवण्याच्या कामाला जुंपलं गेलंय. पण ते लिहायचंच. यकृतातले औषधं पचवणारे एंझाइम वाढवणारी वनस्पती दुसऱ्या औषधांचा परिणाम घटवू शकते. सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीने माणसांत हेच केलं.

वजन घटलेल्या प्राण्यांत मेंदू आणि वृषणांचं शरीराच्या तुलनेतलं वजन आपोआप वाढलेलं दिसतं, कारण हे अवयव सहसा घटत नाहीत. त्याला 'वृषणांची वाढ' म्हणणारे निबंध छापलेले आहेत. मूळ वजन आणि सापेक्ष वजन दोन्ही द्या.

ज्या सर्वांत वरच्या डोसला हानिकारक परिणाम दिसला नाही तो तुमचा निष्कर्ष, म्हणजे एनओएईएल. १००० लाही काही झालं नसेल तर 'किमान १०००' असं लिहा. माणसाच्या हिशेबात तो ६.२ ने भागून किलोमागे सुमारे १६१ मिलिग्रॅम, आणि त्यालाही सुरक्षिततेसाठी दहाने भागण्याची रीत आहे: ६० किलोच्या माणसाला दिवसाला एक ग्रॅमच्या थोडं खाली. आणि वाक्य असं लिहा: "या बॅचचा, या द्रावकाचा अर्क विस्टार रॅटना २८ दिवस तोंडावाटे दिला असता अमुक डोसपर्यंत हानिकारक परिणाम आढळला नाही." गर्भावरचा परिणाम, कर्करोग, इतर औषधांशी होणारा संबंध यांतलं काहीही तुम्ही तपासलेलं नाही, हेही त्याच पानावर यायला हवं.

अहवाल लिहिताना अराइव्ह मार्गदर्शिकेची २०२० ची सुधारित यादी समोर ठेवा. गट कसे पाडले, तपासणाऱ्याला गट माहीत होते का, किती प्राणी वगळले आणि का, हे सगळं तिथे विचारलेलं आहे. उरलेल्या अर्काचा एक सीलबंद नमुना, बॅच क्रमांक घालून, उणे २० अंशांत राखून ठेवा. पॅराफिन ब्लॉक आणि काचपट्ट्याही फेकू नका. निबंध पाठवल्यावर समीक्षक पहिल्यांदा मागतो ते बहुधा मूत्रपिंडाचं दुसरं चित्र किंवा अर्काचा दुसरा आलेख.